कामगार अभ्यासक्रमाला प्रवेश घेताय? पात्रता, कागदपत्रं आणि लागणारं गणित

पदवी झाली, आता कामगार कायदे शिकायचेत, असं म्हणणाऱ्यांसमोर महाराष्ट्रात मुख्यतः दोन वाटा आहेत. एक म्हणजे मुंबईत परळला असलेली नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. 1947 पासूनची ही सरकारी संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे आणि तिथे दोन वर्षांचा एमएलएस, म्हणजे मास्टर ऑफ लेबर स्टडीज, शिकता येतो. दुसरी वाट एक वर्षाच्या पदविकेची. कामगार कायदे व कामगार कल्याण या विषयांची ही पदविका सगळे ‘डीएलएल’ म्हणून ओळखतात. पुण्यात आयएलएस विधी महाविद्यालयात ती आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना हीच जास्त सोयीची.

दोन्हींसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीए, बीकॉम, बीएस्सी, काहीही. किमान गुण आणि प्रवेश परीक्षा यांसाठी त्या वर्षीचं माहितीपत्रकच बघा, गेल्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि फी भरण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: कामगार कल्याण अधिकारी पदासाठी हा अभ्यासक्रम राज्य शासनाने मान्य केलेला आहे का? जुन्या कारखाने अधिनियमात 500 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला हा अधिकारी नेमावा लागत असे; नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा 250 आहे. मान्यता नसलेलं प्रमाणपत्र या पदासाठी कामाला येत नाही. शिवाय पदासाठी मराठी यावी लागते, हे आपल्या मुलांच्या पथ्यावर पडणारं आहे.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतात. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. शिक्षणात खंड असेल तर बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्र मागतात. इथवर फारसं अडत नाही.

खरी अडचण येते राखीव जागांच्या कागदांत. नॉन-क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते आणि प्रवेश होतात जून-जुलैत, त्यामुळे मुदत संपलेला कपाटातला जुना दाखला चालत नाही. एप्रिलमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका. जात पडताळणीला तर त्याहून वेळ लागतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडावी, नाहीतर गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं म्हणून अर्ज त्रुटीत जातो.

आता गणित. ‘दहावीनंतर गणित सोडलंय, जमेल का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. जमेल. शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर आणि तक्ता वाचणं एवढी तयारी घेऊन आलात तरी पुष्कळ. पण ती पक्की हवी, कारण इथली बेरीज-वजाबाकी कुणाच्या तरी घरात जाते.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायची रक्कम, घ्या. शेवटचा महिन्याचा पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 20,800 रुपये असतील, तर 26 ने भागून रोजचे 800, पंधरा दिवसांचे 12,000, आणि 22 वर्षांचे 2,64,000. सवयीने कुणी 30 ने भागलं तर हातात येतात 2,28,800. म्हणजे कामगाराचे 35,200 रुपये गेले. भागायचं 26 ने, कारण महिन्यातल्या साप्ताहिक सुट्ट्या कामाच्या दिवसांत धरत नाहीत. ती रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 मध्ये मिळवून दिली ती लोखंड्यांनीच, ज्यांचं नाव परळच्या त्या संस्थेला आहे.

भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के, ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, कामगाराकडून 0.75 आणि मालकाकडून 3.25 टक्के, बोनस 8.33 ते 20 टक्के, ही उदाहरणं घरातल्या कुणाच्या तरी पगारपत्रकावर सोडवून बघा. महिनाभर रोज अर्धा तास दिलात तरी दशांशचिन्हाची भीती जाते.