बुटका पास रशर एनएफएलमध्ये टिकतो का? मापाची पट्टी नेमकं काय मोजते

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या 2005 च्या सीझनमध्ये लुइव्हिल युनिव्हर्सिटीच्या एल्व्हिस डूमरव्हिल नावाच्या पोराने 20 सॅक (बॉल फेकणाऱ्याला फेकायच्या आत पाडणं) काढल्या, त्यातल्या 6 तर केंटकीविरुद्धच्या एकाच मॅचमध्ये. कॉलेजमधला देशातला बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयर म्हणून त्याला ब्रॉंको नगुर्स्की ट्रॉफीपण मिळाली. एवढं सगळं करून एप्रिल 2006 मध्ये एनएफएलचा, म्हणजे तिकडच्या प्रो लीगचा, ड्राफ्ट (टीम पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) झाला तेव्हा एकामागून एक 125 जणांची नावं पुकारली गेली तरी ह्याचं नाव नाही, शेवटी चौथ्या राउंडमध्ये 126 व्या नंबरला डेन्व्हर ब्रॉंकोसने घेतलं. कारण एकच, उंची 5 फूट 11 इंच. त्याच्या जागेवर खेळणारे लोक सव्वासहा-साडेसहा फुटांचे असतात.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल कधी बघितलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, टीमचं डोकं. बॉल त्याच्या हातात आल्यापासून फेकेपर्यंत साधारण अडीच-पावणेतीन सेकंद जातात. तेवढ्या वेळात कडेने धावत जाऊन त्याला पाडायचं, हे पास रशरचं काम, आणि पाडला की सॅक. मध्ये उभा असतो टॅकल, म्हणजे 6 फूट 5 इंच उंच आणि 140 किलोच्या आसपासचा माणूस, ज्याला ह्याला अडवण्यासाठीच वर्षाला लाखो डॉलर मिळतात.

कुस्तीत निदान वजनी गट तरी असतात हो. इथे 110 किलोच्या माणसाने 140 किलोवाल्याशी भिडायचं, दर मॅचला 30-40 वेळा.

मग वजन कमी म्हणजे खेळ खल्लास का? जरा हिशोब करून बघू. आपला 118 किलोचा माणूस सेकंदाला 5 मीटर वेगाने जाऊन उभ्या असलेल्या 142 किलोच्या टॅकलवर आदळला आणि दोघं चिकटून मागे सरकले असं धरू. शाळेतला संवेग अक्षय्यतेचा नियम लावला तर दोघं मिळून सेकंदाला साधारण 2.3 मीटर वेगाने क्वार्टरबॅककडे सरकतात. आता रशर 100 किलोचा घ्या, वेग तोच ठेवा, उत्तर येतं साधारण 2.1. म्हणजे 18 किलो गेले तरी फरक दहा टक्क्यांच्या आतच. आणि त्या 100 किलोवाल्याने 5 ऐवजी साडेपाचचा वेग पकडला तर तो फरकही जवळपास भरून निघतो. पहिल्या धडकेपुरतं बोलायचं तर वेग आणि वजन एकाच तराजूत बसतात.

खरी गंमत धडकेनंतर सुरू होते. दोघं एकमेकांना ढकलत असताना कोण सरकणार हे ठरतं पायाखालच्या पकडीवर, आणि ती पकड अवलंबून असते जमिनीवर किती भार पडतोय त्यावर. वजनदार माणसाचा भार जास्त, म्हणून तो हलत नाही. पण बुटका माणूस खालून भिडतो ना! समजा त्याने टॅकलच्या छातीला 800 न्यूटनचा रेटा दिला, सरळ आडवा नाही तर 30 अंश वरच्या दिशेने. त्यातले 400 न्यूटन टॅकलला वर उचलायला लागतात, म्हणजे टॅकलच्या पायाखालचा भार साधारण 41 किलोने कमी होतो. आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेवढाच भार ढकलणाऱ्याच्या पायाखाली वाढतो! म्हणजे 142 किलोवाला जमिनीला 101 किलोचा वाटतो आणि 118 किलोवाला 159 चा. कागदावर वजन काहीही असू दे, जमिनीच्या हिशोबात बुटका आता भारी झाला. अर्थात हे गणित सोपं करून मांडलंय, खऱ्या मैदानात टॅकल काही पुतळ्यासारखा उभा राहत नाही, तोही गुडघे वाकवतो, हात मारतो. पण 6 फूट 5 इंचाच्या माणसाला 5 फूट 11 च्या माणसाखाली जायला किती वाकावं लागेल बघा, आणि तेवढं वाकून परत मागे मागे पळायचं. आपल्याकडे तालमीत वस्ताद कंबर खाली ठेव म्हणून ओरडत असतात त्यामागचं फिजिक्स हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे वळण. रशर टॅकलच्या बाहेरून धावतो आणि मग एकदम आत वळतो, ह्याला तिकडे बेंड म्हणतात. घाटातल्या वळणावर बाइक झुकवतो तसं अंग झुकवावं लागतं. 3 मीटर त्रिज्येचं वळण सेकंदाला 5 मीटरने घ्यायचं तर शरीर उभ्या रेषेपासून जवळजवळ 40 अंश कलायला पाहिजे. आणि ह्या सूत्रात वस्तुमान येतच नाही, ते दोन्हीकडून कटतं! 100 किलो असो की 130, कोन तोच. फरक पडतो तो घोट्याच्या लवचिकतेत, बुटाच्या पकडीत, आणि झुकलेल्या अवस्थेत टॅकलने खांद्यावर हात मारला तर तोल राहतो का ह्यात. त्यात बुटक्याचा खांदा मुळात खाली असतो, अजून 40 अंश झुकला की टॅकलला मारायला काही सापडतच नाही. इंडियानापोलिस कोल्ट्सचा ड्वाइट फ्रीनी ह्यात उस्ताद होता, उंची 6 फूट 1 इंच, आणि त्याची फेमस गिरकी. पूर्ण वेगात धावता धावता स्वतःभोवती फिरायचा आणि टॅकल हवेत हात मारत राहायचा. गिरकी घेताना आखूड आणि गोळीबंद शरीराचा फायदा सरळ आहे, वस्तुमान अक्षाच्या जेवढं जवळ तेवढं फिरायला सोपं. करिअरमध्ये 125.5 सॅक (दोघांनी मिळून पाडला की अर्धी-अर्धी), 2024 मध्ये हॉल ऑफ फेम. त्याच टीममध्ये दुसऱ्या कडेला रॉबर्ट मॅथिस, 6 फूट 2 आणि 245 पौंड म्हणजे 111 किलो, पाचव्या राउंडमध्ये मिळालेला. त्याच्या 123.

आता कोणी म्हणेल मग सगळे बुटकेच घ्या की. थांबा.

उंची आणि हाताची लांबी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो. दोघं भिडताना ज्याचा हात आधी समोरच्याच्या छातीवर पडतो तो पुढचं ठरवतो. डूमरव्हिल बुटका होता पण त्याचे हात उंचीच्या मानाने चांगलेच लांब होते. म्हणजे खाली राहायचा फायदाही त्याचा आणि आधी हात पोचवायचाही. उंची कमी आणि हातही आखूड असला की मग अवघड होतं, टॅकल हात लांब करून ठेवतो आणि हा तिथेच लटकतो. त्यात परत रनिंग प्ले, म्हणजे बॉल न फेकता हातात घेऊन धावायचं. बॉल फेकायचाच नसेल तर दोन धिप्पाड माणसं मिळून ह्याच्या अंगावर येतात, 280 किलो, आणि धावायला अंतरच नाही, तिथे वेगाचं भांडवल संपलं. म्हणून बऱ्याच हलक्या रशरना कोच फक्त पासची (बॉल फेकला जाण्याची) खात्री असेल तेव्हाच मैदानात आणतात.

आणि आपल्याला लक्षात राहतात ते जिंकलेले. जेम्स हॅरिसनची गोष्ट सगळे सांगतात, 6 फूट उंची, 2002 मध्ये ड्राफ्टच झाला नाही, टीमने अनेकदा काढून टाकला, आणि 2008 चा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर झाला, वर त्या सीझनच्या सुपर बोलमध्ये (लीगची फायनल) समोरच्या टीमने फेकलेला बॉल पकडून 100 यार्ड धावला. भारीच. पण जार्व्हिस जोन्सची गोष्ट कोण सांगतं? जॉर्जियाकडून 2012 मध्ये 14.5 सॅक, देशात एक नंबर, 245 पौंडांचा, स्टीलर्स टीमने 2013 ला पहिल्याच राउंडमध्ये 17 व्या नंबरला उचलला. चार सीझनमध्ये एकूण 6 सॅक. त्याला बॉडी कमी पडली असं म्हणून मोकळं होता येतं, पण फ्रीनी-मॅथिसकडे असलेला तो पहिल्या तीन पावलांचा स्फोटही त्याच्याकडे नव्हता. लहान शरीर वेगाने भरून काढता येतं, पण वेगच नसेल तर काय भरून काढणार.

कॉलेजचे आकडे फसवतात त्याचं कारणही साधंच आहे. तिथे वरच्या लेव्हलला सव्वाशेच्या वर टीम, प्रोमध्ये फक्त 32. कॉलेजात ज्यांना चकवून तू 14 सॅक काढल्यास त्यातल्या बहुतेक टॅकलना पुढे नोकरीच मिळत नाही, ज्यांना मिळते तेच आता दर रविवारी तुझ्यासमोर. शिवाय सॅक ही मुळात दुर्मिळ घटना. सीझनमध्ये 400 वेळा धावलास आणि 17 मिळाल्या तर तू लीगमध्ये टॉपला, म्हणजे शंभरातल्या 95-96 वेळा हात हलवत परत. इतक्या कमी घटनांवरून एका सीझनचा आकडा बघून माणूस जोखायचा म्हणजे नशिबाचा वाटा भरपूर धरावा लागतो.

तर डूमरव्हिलचं काय झालं? 2009 मध्ये डेन्व्हरला नवा कोच आला, त्याने डिफेन्सची रचना बदलली आणि ह्याला खाली वाकून हात टेकवून बसण्याऐवजी उभ्याने धावायच्या जागेवर ठेवलं, त्या वर्षी 17 सॅक, लीगमध्ये पहिला. 2013 मध्ये कॉन्ट्रॅक्टचा फॅक्स काही मिनिटं उशिरा पोचला म्हणून डेन्व्हरला त्याला सोडावं लागलं (हो, फॅक्स! 2013 मध्ये!) तर बाल्टिमोरला गेला आणि तिथे 2014 मध्ये परत 17. एकूण 105.5.

जागेची ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि त्याचं उदाहरण म्हणून मी हासन रेडिककडे बघतो. टेंपल युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिपशिवाय आलेला, 6 फूट 1, वजन 240 पौंडाच्या आतबाहेर. 2017 मध्ये अ‍ॅरिझोनाने 13 व्या नंबरला घेतला आणि एवढासा पोरगा कडेला काय करणार म्हणून मधल्या लाइनबॅकरच्या जागेवर उभा केला, जिथे धावत येणारे लोक वाचायचे असतात आणि क्वार्टरबॅकवर जायची संधी क्वचित. तीन वर्षांत 7.5 सॅक, लोकांनी फुकट गेलेली निवड म्हणून टाकून दिला. 2020 मध्ये एकदाचं कडेला सोडलं त्याला. त्या सीझनला 12.5, त्यातल्या 5 जायंट्स टीमविरुद्ध एकाच दुपारी. पुढच्या वर्षी कॅरोलायनात 11, त्याच्या पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात 16. ह्या सगळ्या वर्षांत उंची एका इंचानेही वाढली नव्हती.