मीटर नसलेला पंप: शेतीच्या विजेची पार्श्वभूमी

शेतीला दिवसा लाईट मिळावी म्हणून महाराष्ट्रभर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. कोळसा कमी जाळायचा हा हेतू खराच आहे. पण या योजना ज्या गुंत्यातून आल्या, त्याची सुरुवात पंपाचे मीटर सोडून देण्याच्या निर्णयापासून होते.

1972 च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या आणि ऑइल इंजिनांच्या जागी विजेच्या मोटारी आल्या. विखुरलेल्या लाखो पंपांचे रीडिंग घेणे तेव्हाच्या राज्य वीज मंडळाला जड जात होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोटारीच्या एचपीवर (हॉर्सपॉवरवर) ठोक आकारणी सुरू झाली. मोटार तीनची की पाचची एवढेच पाहायचे, ती किती तास चालली हे विचारायचे नाही. कारकुनी काम वाचले. उसाच्या पट्ट्यात पाण्याचा उपसा वाढायला मात्र ही आकारणी पोषक ठरली.

खरे नुकसान हिशेबात झाले आणि त्याची चर्चा आजही पुरेशी होत नाही. वितरणासाठी मिळालेल्या एकूण विजेतून मीटरवर विकलेली वीज वजा केली की जे उरते, त्याचे दोन वाटेकरी असतात: मीटर नसलेले पंप आणि गळती. गळतीत तारांमधला तांत्रिक तोटा आला, तसे तारेवर आकडे टाकून होणारी चोरी आणि बिलातले घोटाळेही आले. यातला कोणताच हिस्सा प्रत्यक्ष मोजलेला नव्हता. पंप वर्षाला अमुक तास चालतो असे गृहीत धरायचे, जोडभाराने (पंपांच्या एकूण एचपीने) गुणायचे आणि तो शेतीचा वापर म्हणून दाखवायचा. तास वाढवून धरले की गळती कागदावर आपोआप कमी होते. शिवाय सरकारी अनुदान आणि उद्योगांकडून जादा दराने वसूल होणारी क्रॉस सबसिडी या दोन्ही गोष्टी त्याच आकड्यावर उभ्या होत्या. म्हणजे कारखानदाराने जे जादा भरले, त्यातले काही शेतकऱ्याच्या नावावर खपवलेल्या चोरीसाठी होते. पुढे अनेक पंपांना मीटर बसले, तरी बिले सरासरीनेच निघत राहिली. तीनच्या मोटारीला पाचचे बिल ही तक्रार गावोगाव ऐकू येत होती. जे बिल पटत नाही ते भरण्याची सवय मोडते, आणि थकबाकीच्या चर्चेत शेतकऱ्याची ही बाजू फार क्वचित मांडली जाते.

2004 च्या विधानसभा निवडणुकीआधी शेतीची वीज मोफत झाली. निवडणूक होऊन वर्ष उलटायच्या आत, 2005 मध्ये, तो निर्णय मागे घेण्यात आला. रकमेच्या दृष्टीने हा प्रकार छोटा होता, पण त्याने विश्वासाचे केलेले नुकसान मोठे होते. आज बिल भरले आणि उद्या माफी आली तर भरणाराच खुळा ठरतो, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली.

त्याच वर्षी मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या आणि भारनियमनाची कठीण वर्षे सुरू झाली. पंपाला लागणारी थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, चक्राकार पद्धतीने. रात्री लाईट आली की अंधारात, साप-बिबट्याच्या भीतीत दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचे. त्यातून मोटार आपोआप चालू करणारे ऑटोस्विच आले. लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू, मग डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळतो आणि दुरुस्तीसाठी शेतकरीच वर्गणी काढतात. मागच्या दशकात वीज नियामक आयोगाने फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवरच्या, नोंदी तपासून शेतीवापराचा दावा खाली आणला आणि गळतीचा आकडा वर गेला. शेतकरी संघटना आणि वीजग्राहकांचे कार्यकर्ते अनेक वर्षे हेच सांगत होते.

2020 च्या धोरणात थकबाकीवर मोठी सवलत आली आणि वसुलीतला एक हिस्सा त्याच गावच्या वीज कामांना द्यायचे ठरले. कल्पना चांगली होती, पण तोडलेल्या जोडण्यांवरून आंदोलने झाली आणि तिच्याबद्दलचा विश्वास पुरता रुजला नाही.

सौर फीडरची योजना 2017 मध्येच सुरू झाली होती. तिला वेग आला तो 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात. उपकेंद्राजवळची सरकारी जमीन नाममात्र भाड्याने, तर खासगी जमीन वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपयांनी घ्यायची आणि तिथली वीज थेट शेतीच्या फीडरवर सोडायची. 2024 मध्ये सुमारे 9,000 मेगावॅटचे प्रकल्प विकासकांना देण्यात आले. शेतीचा भार दिवसाकडे सरकला की औष्णिक केंद्रांवरचा ताण कमी होतो, वीज खरेदी स्वस्त पडते आणि शेतकऱ्याची झोप मोडत नाही. वीज क्षेत्रातला गेल्या कित्येक वर्षांतला सर्वात समंजस निर्णय म्हणून मी याच्याकडे पाहतो.

मात्र त्याच वर्षी, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे 44 लाख पंपांची वीज पाच वर्षांसाठी मोफत झाली. त्यासाठी सरकार वर्षाला 14,760 कोटी रुपये भरणार, असे सांगण्यात आले. शेतात स्वतंत्र सौरपंप बसवायच्या योजनेत किमतीतला शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. सौरपंपाला बिलच येत नाही आणि मोफत योजनेतल्या बिलावर भरायची रक्कम शून्य असते, त्यामुळे पंपाच्या मीटरकडे बघायचे कारण आता ना शेतकऱ्याला उरले, ना लाईनमनला. जे मोजले जाईल ते फीडरवर. भूजल किती उपसले जाते, याची नोंद यातल्या कोणत्याच मीटरवर होत नाही.