नवा थर्मोस्टॅट बसवला, तरी तापमानाचा काटा जागेवर नाही?
(ट्रकमालक, ड्रायव्हर आणि मेस्त्री यांच्यासाठी)

थर्मोस्टॅट बदलून नेलेलं गिऱ्हाईक कधीकधी दोन दिवसांत परत येतं. "पीस खराब निघाला, गाडी अजून तापतेय." किंवा नेमकं उलटं, "काटा वर चढतच नाही." आम्ही वाद घालत नाही, शेगडीवर पातेलं चढवतो. पीस दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबता सोडायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर धरायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत व्हॉल्व्ह उघडतो की नाही ते दिसतं. बहुतेक वेळा उघडतो. (त्या पातेल्यात आम्ही चहा करत नाही, काळजी नको.) मग दोष कुठे होता, तेच या कागदावर लिहिलं आहे.

या वस्तूत वायर नाही, करंट नाही. धातूची छोटी कुपी आणि तिच्यात मेण. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह बंद असतो आणि कूलंट बायपासमधून, म्हणजे रेडिएटर टाळणाऱ्या आडवाटेने, इंजिनातच फिरतं. तापलं की मेण वितळून फुगतं, पिन सरकते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. पिसावर ८२ छापलेलं असेल तर ८२ अंशांना तो उघडायला लागतो. पूर्ण उघडायला आणखी साधारण दहा-बारा अंश लागतात. म्हणजे भरलेली गाडी खंबाटकी चढताना तापमान नव्वदीत गेलं, तर तो बिघाड नव्हे.

सगळ्यात आधी हवा काढा

आमच्याकडे परत येणाऱ्या तक्रारींत पहिला संशय एअर लॉकचाच. कूलंट घाईने ओतलं की हाउसिंगखाली, म्हणजे थर्मोस्टॅट बसतो त्या घराखाली, हवा कोंडते. मेणाच्या कुपीला पाणी लागत नाही, म्हणून व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. सेन्सरही हवेतच लोंबत असला तर काटा मध्येच वर उडतो आणि एकदम खाली पडतो. काटा असा नाचत असेल तर नवीन पीस मागू नका, हवा काढा. गाडी सपाटीवर घ्या, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, हीटर असेल तर त्याचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, हाउसिंगवर एअर स्क्रू असेल तर तो सैल करा आणि कूलंट बारीक धारेने भरा. स्क्रूतून बुडबुडे थांबून नुसतं कूलंट आलं की तो आवळा. मग झाकण न लावता इंजिन आयडलवर ठेवा आणि लेव्हल बसेल तसं भरत राहा. लेव्हल स्थिर झाली की झाकण लावा. पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झाल्यावर एकदा पुन्हा बघा. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, कूलंट उसळून तोंडावर येतं.

बसवण्यातल्या चुका

मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला हवी. उलटा बसला तर कुपी रेडिएटरकडच्या थंड पाण्यात राहते आणि इंजिन उकळतं. पिसाला हलती छोटी पिन असेल तर ती वरच्या अंगाला ठेवा, हवा तिथूनच सुटते. काही मोठ्या इंजिनांत दोन थर्मोस्टॅट असतात. एकच बदलून पैसे वाचवले तर जुना कधी दगा देईल सांगता येत नाही. सीलिंगसाठी सिलिकॉन फासण्याची हौस आवरा, त्याचा तुकडा सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतो. हाउसिंगचा पृष्ठभाग खरवडून साफ करा आणि गॅस्केट किंवा रबर रिंग नवीच घाला.

हाताने तपासणी

थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होज चाचपत राहा. गमछा फॅनपासून लांब ठेवा. काटा चढत असताना होज बराच वेळ थंड राहून मग पटकन गरम झाला, तर थर्मोस्टॅट नीट चालतोय. पहिल्या मिनिटापासून होज हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह उघडा राहिलाय किंवा रिंगमधून गळतंय. काटा लालपट्टीला आला तरी होज थंडच असेल, तर इंजिन लगेच बंद करा. पीस अडकलाय, नाहीतर हवा आहे, नाहीतर पंप पाणी फिरवत नाही.

वरचा होज कडक गरम आणि गाडी तरीही तापते? मग आमच्या पिसाला सोडा. रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ भरलीय का, फॅन बेल्ट ढिला आहे का ते पाहा. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

"काढूनच टाका" म्हणणाऱ्यांसाठी

हा सल्ला हायवेवर फुकट मिळतो आणि महागात पडतो. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपास बंद करते. तीच नसली की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि चढावर गाडी आणखी तापते. मोकळ्या रस्त्यावर इंजिन थंड राहतं, ते ड्रायव्हरला बरं वाटतं, पण डिझेल पूर्ण जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडरचे लायनर झिजतात आणि अ‍ॅव्हरेज पडतं. बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांना तर हे अजिबात चालत नाही. धूर साफ करणाऱ्या यंत्रणेला उष्णता लागते. इंजिन थंड राहिलं की धुराचा फिल्टर चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

बोअरचं पाणी घालू नका. त्यातले क्षार मेणाच्या कुपीवर बसतात आणि नवा पीसही अडकतो. तयार कूलंट घाला, किंवा डब्यावर दिलेल्या प्रमाणात डिमिनरलाइज्ड पाण्यात मिसळा.

पीस परत आणायचा असेल तर जुना थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि इंजिन नंबर सोबत आणा. पातेल्यात नाही उघडला तर जागेवर बदलून देतो. हातोड्याने ठोकलेला किंवा पक्कडीने दाबून पाहिलेला मात्र घेत नाही, त्याची खूण लगेच दिसते.