ई-मेल प्रेषण-वेगनियंत्रण

ई-मेल प्रेषण-वेगनियंत्रण : मोठ्या संख्येने पाठवायची पत्रे एकदम न सोडता, ती स्वीकारणाऱ्या प्रत्येक सेवेच्या कलाने, मोजून सोडण्याची पद्धत. व्यवहारात ‘थ्रॉटलिंग’ हाच शब्द चालतो. जाहिरातीची पत्रे दारातच अडू नयेत आणि आत गेल्यावर स्पॅमच्या खान्यात पडू नयेत, एवढ्यासाठी ती वापरली जाते. वेग तीन ठिकाणी आवळता येतो : एका वेळी उघड्या असलेल्या जोडण्या, एका जोडणीवरून जाणारी पत्रे आणि सेकंदाला किंवा तासाला जाणारी एकूण पत्रे. नुसत्या जोडण्या किंवा नुसती जोडणीमागची पत्रे आवळून बाकीचे सैल सोडले, तर समोरच्या सर्व्हरला फरक जाणवेलच असे नाही.

या पद्धतीच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ नेटवर्कमधील गर्दीनियंत्रणात आहे. जोनाथन टर्नर यांनी १९८६ मध्ये मांडलेली ‘गळकी बादली’ आणि व्हॅन जेकबसन यांचे १९८८ मधील टीसीपीचे (इंटरनेटवरील माहितीवहनाच्या नियमावलीचे) ‘स्लो स्टार्ट’ तंत्र यांत दर बांधण्याची व हळूहळू वाढवण्याची कल्पना आधीच होती. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या रांग-व्यवस्थापकात तिची छाप स्पष्ट दिसते : एखाद्या ठिकाणी तो आरंभी ५ समांतर जोडण्या उघडतो, पत्रे सुरळीत गेली तर मूळ मांडणीत २० पर्यंत चढतो आणि अपयश आले की खाली येतो. दुसरे मत ही पद्धत स्पॅमविरोधी प्रयत्नांतून आल्याचे मानते. सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर यांचा १९९२ मधील ‘पत्रामागे गणनेची किंमत मोजायला लावा’ हा प्रस्ताव, १९९७ मधील ॲडम बॅक यांचे त्याच धर्तीचे हॅशकॅश आणि २००३ मधील इव्हान हॅरिस यांचे, अनोळखी प्रेषकाला आधी तात्पुरते परतवणारे ग्रेलिस्टिंग ही त्यासाठीची नेहमीची उदाहरणे. ती महत्त्वाची खरीच. पण ती प्रेषकाला बाहेरून घातलेल्या अडथळ्यांची आहेत, प्रेषकाने स्वतःहून वेग आवरण्याची नव्हेत. शिवाय ‘आत्ता नको, नंतर ये’ हे सांगण्याची सोय ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२१ या ई-मेल वहनाच्या मानकातच होती. सर्व्हरच्या उत्तरातील ४२१, ४५१, ४५२ हे संकेत तेव्हा सर्व्हर बंद होतो आहे, आतली चूक झाली किंवा साठवायला जागा नाही, अशा अडचणींसाठी होते. पुढे ४२१ सारखा संकेत प्रेषकाच्या विश्वासार्हतेबद्दलची नाराजी कळवण्यासाठीही वापरला जाऊ लागला. त्यामुळे यंत्रणा पहिल्या प्रवाहातली आणि तिची निकड दुसऱ्यातली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रत्यक्ष नियंत्रण उत्तरांच्या संकेतांवर चालते. ५ ने सुरू होणारा संकेत कायमचा नकार असतो. असा पत्ता सहसा यादीतून काढतात. ४ ने सुरू होणारा तात्पुरता असतो. पत्र रांगेत राहते. जीमेलचा ४२१-४.७.२८ हा संकेत नेहमीपेक्षा जास्त वेगाने नको असलेली पत्रे येत असल्याचे कळवतो, तर याहूच्या उत्तरातील ‘टीएसएस०४’ ही खूण अनपेक्षित प्रमाण किंवा वापरकर्त्यांच्या तक्रारी दाखवते. अशा वेळी त्या सेवेपुरता वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणणे आणि प्रत्येक फेरीत थांबण्याचा काळ वाढवत नेणे हा उपाय. आरएफसी ५३२१ ही त्याच मानकाची नंतरची आवृत्ती पुनःप्रयत्नांत निदान ३० मिनिटांचे अंतर आणि ४–५ दिवसांपर्यंत प्रयत्न सुचवते. पोस्टफिक्समध्ये हे अंतर मुळात ३०० ते ४००० सेकंद असते. सर्वांत जास्त नुकसान इथेच होते : अडलेली चाळीस हजार पत्रे दर पाच मिनिटांनी एकत्र परत धडकली, तर मूळ मोहिमेपेक्षा पुनःप्रयत्नांचाच मारा मोठा होतो आणि बंदी लांबते.

पत्त्यातील डोमेननुसार गट पाडणे ही दुसरी ठरलेली चूक. असंख्य कंपन्यांच्या स्वतःच्या डोमेनची पत्रे गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरवर उतरतात. डोमेनवार मर्यादा लावली, तर कागदावर प्रत्येक डोमेनला सेकंदाला दोनच पत्रे जातात आणि प्रत्यक्षात एकाच दारात शेकडो. म्हणून गट एमएक्स नोंदीवरून, म्हणजे डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरवर उतरतात ते सांगणाऱ्या नोंदीवरून, पाडावेत.

वेग ठरवताना आधी हिशेब मांडावा. २,००,००० पत्त्यांपैकी १,००,००० जीमेलचे असतील आणि त्यांना सेकंदाला ८ पत्रे सोडली, तर १२,५०० सेकंद, म्हणजे सुमारे साडेतीन तास लागतात. पोस्टफिक्समध्ये मात्र दोन पत्रांतील विलंब पूर्ण सेकंदांतच देता येतो आणि तो दिला की त्या ठिकाणची समांतरता १ वर येते. १ सेकंद विलंबाने तीच पत्रे जायला पावणेअठ्ठावीस तास लागतील. त्यामुळे मोठ्या यादीसाठी विलंबापेक्षा समांतर जोडण्यांची संख्या आवळणे सोयीचे.

नव्या आयपीवर (पाठवणाऱ्या सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकावर) हेच तत्त्व दिवसांच्या मापाने लावतात. त्याला ‘वॉर्म-अप’ म्हणतात. नुकतीच पत्रे उघडलेल्या वाचकांपासून सुरुवात करून काही आठवड्यांत प्रमाण वाढवले जाते. तयार कोष्टके प्रत्येक पुरवठादाराची वेगळी असतात आणि ती शब्दशः पाळण्यापेक्षा संकेतांची रोजची नोंद पाहणे बरे. पूर्वीचे प्रमाण एकदम दुप्पट केल्यास वेगमर्यादा लागू शकते, असे गूगलच्या सूचनांतच म्हटले आहे.

संथ सोडल्याने वाईट यादी चांगली होत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या प्रेषकाची ओळख पडताळण्याच्या पद्धती बंधनकारक आहेत, जाहिरातपर पत्रांत एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय हवी आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याला पोहोचता कामा नये. ५,००० ची संख्या मुख्य डोमेनवर मोजली जाते. उपडोमेन वाढवून ती चुकवता येत नाही. मर्यादा टाळण्यासाठी तीच पत्रे असंख्य आयपींवर पातळ पसरणे याला ‘स्नोशू’ म्हणतात. त्यासाठी स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेची वेगळी काळी यादी आहे.

ओटीपी आणि पावत्या मोहिमेच्या रांगेत ठेवू नयेत. वेग आवळला की त्याही अडकतात आणि दहा मिनिटांचा ओटीपी तासाभराने पोहोचतो. त्यांना वेगळी रांग आणि शक्य तर वेगळा आयपी द्यावा. उलट, आज रात्री संपणाऱ्या सवलतीचे पत्र पाच दिवस रांगेत ठेवण्यातही अर्थ नसतो; त्याचे रांगेतील आयुष्य काही तासांवर आणावे.