नाण्याची ‘चूक’ आली कुठून?

शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, म्हणजे शिवराईवर, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही सगळी अक्षरे पूर्ण उमटलेली क्वचितच सापडतात. ठसा धातूच्या कोऱ्या चकतीपेक्षा मोठा आणि घाव हातोड्याचा, त्यामुळे एखादे अक्षर काठाबाहेर जायचेच. अशी शिवराई ‘मिंट एरर’ (टांकसाळीतली चूक) म्हणून जादा दामाने विकणे मला अजिबात पटत नाही. हाताने पाडलेल्या नाण्याचे ते रूपच आहे.

चूक मोजता येऊ लागली ती यंत्र आल्यावर. १८२० च्या दशकात मुंबईच्या फोर्टात वाफेच्या यंत्रांची टांकसाळ उभी राहिली आणि १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया सगळीकडे १८० ग्रेन (सुमारे ११.६६ ग्रॅम) वजनाचा ठरला. गोल कड्यात बसवलेली चकती वरच्या आणि खालच्या ठशांमध्ये दाबली की प्रत्येक नाणे सारखेच निघायला हवे. जे तसे निघाले नाही, ते नजरेत भरू लागले.

संग्राहकांचे सर्वात आवडते म्हणजे ‘लखी’. पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. तिच्या एका बाजूला चित्र नेहमीसारखे उठावदार, तर दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे आणि खोलगट उमटते. नकली लखी करणारे दोन नाणी व्हाइसमध्ये (लोखंडी शेगड्यासारख्या पकडीत नव्हे, तर स्क्रूने आवळायच्या शिकंज्यात) आवळतात. तिथेही खोलगट छाप उमटते, पण तिच्याखाली मूळ चित्राचे अवशेष राहतात आणि मागची बाजू चेपते. भिंगाखाली हे लपत नाही.

कडेचा तुकडा नसलेल्या नाण्यात मी आधी समोरची कड बघतो. पट्टीतून चकती कापतानाच तो तुकडा गेला असेल, तर कड उचलणाऱ्या यंत्रात समोरच्या बाजूला पुरेसा दाब बसत नाही आणि तिथली कड फिकी राहते. कानशीने घासलेल्या नाण्यात ती ठसठशीत असते.

ओरखडे, आम्लाने पातळ झालेली नाणी, ठोकून मधला भाग काढलेले दहा रुपये, ही सगळी टांकसाळीबाहेरची इजा. त्यांना दर्शनी किमतीपलीकडे मोल नाही. खऱ्या चुकीचा भावही ती किती ठळक आणि किती दुर्मीळ यावर ठरतो. ठसा केसभर सरकलेल्या नाण्याला कोणी लाख देत नाही. तरी लाखांच्या जाहिराती थांबत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांशी तिचा काहीही संबंध नाही.