आगराची पुनर्रचना (कोकण)

कोकणातील घरालगतच्या जुन्या, लागत्या बागेत कोणती झाडे राखायची, कोणती काढायची आणि मोकळ्या झालेल्या जागी काय लावायचे, हे पाहणी करून ठरवण्याची व तो बेत टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याची पद्धत. मागील दारापासून गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) पसरलेल्या माड-पोफळीच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या, बागेला किनारपट्टीत आगर किंवा वाडी म्हणतात. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, गुहागर ही गावे अशा आगरांसाठी प्रसिद्ध असून श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे.

आगर एका हाताने लावलेले नसते. आजोबांनी लावलेला फणस, कुणी सासरी आणलेली अबोली, पडलेल्या सुपारीतून आपोआप रुजलेल्या पोफळी असे सगळे एकात एक वाढते. घराच्या वाटण्या झाल्या की विहीर एका भावाकडे आणि तिच्यावर भिजणारी वाडी दुसऱ्याकडे जाते, पाणी नेणारा जुना पाट तुटतो, मग पाण्याचाच विचार नव्याने करावा लागतो. पुनर्रचनेची सर्वांत मोठी गरज मात्र निसर्ग चक्रीवादळाने निर्माण केली. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतील आगरांत माड, पोफळी, आंबे-फणस मुळासकट आडवे झाले.

त्यानंतर बागायतदारांना ठळकपणे जाणवली ती सावलीची किंमत. पोफळीच्या खोडाला दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन सोसत नाही. आडोशाचा आंबा गेला की वादळातून वाचलेल्या पोफळीचे खोड त्या बाजूने करपते, तडे जातात आणि पुढे वाऱ्यात ती तिथेच मोडते. म्हणून कोणतेही मोठे झाड काढण्याआधी त्याच्या सावलीत काय उभे आहे, हे पाहणे हा या कामाचा पाया आहे. ही पाहणी वर्षभर करावी, कारण सावली ऋतूप्रमाणे सरकते. कोकणात डिसेंबरमध्ये १० मीटर उंच झाडाची भर दुपारची सावली उत्तरेकडे ८ ते ९ मीटर लांब पडते, तर मे-जूनमध्ये ती जवळजवळ बुंध्याशीच असते. हिवाळ्यात गर्द वाटणारा कोपरा उन्हाळ्यात उघडा पडतो. नव्या पोफळीला आधी केळीची सावली द्यावी लागते. केळी वर्षभरात उत्पन्नही देते आणि पोफळ उंच झाली की काढता येते.

पडलेली खोडे वाडीत कुजू देणे घातक ठरते. कुजणारा माड आणि उघडा खतखड्डा ही गेंड्या भुंग्याची पैदाशीची जागा. हा भुंगा माडाचा कोवळा, न उमललेला कोंब पोखरतो. त्यामुळे पुढे उघडणारी झावळी कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी तुटलेली दिसते. नव्याने लावलेले रोप त्याने मरूही शकते. सोंड्या भुंगा जखमेच्या वासाने येऊन तिथे अंडी घालतो, म्हणून चढण्यासाठी माडाला खाचा पाडणे टाळलेलेच बरे.

जागेची मोजणी दुसऱ्या टप्प्यात येते. माडांमध्ये ७.५ मीटर आणि पोफळींमध्ये २.७ मीटर अंतर ठेवण्याची शिफारस आहे. जुनी आगरे याहून बरीच दाट असतात. सारे एकदम उपटण्यापेक्षा वांझ व रोगट झाडे आधी काढून मधल्या जागेत मिरी, दालचिनी, जायफळ घ्यावे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ ही रचना याच मिश्र पिकांवर उभी आहे. जायफळ बीपासून लावल्यास सुमारे निम्मी झाडे नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे पाचसहा वर्षे, कळत नाही. जागा मोजकी असलेल्या परसात म्हणून मादी झाडाचे कलमच घ्यावे आणि परागीकरणासाठी जवळपास एखादा नर असावा.

म्हातारा आंबा तोडण्याआधी त्याचे पुनरुज्जीवन करून पाहावे. पावसाळा सरल्यावर मधली उंच फांदी काढून झाडाचा माथा खाली आणतात. मोरचूद व चुना प्रत्येकी १ किलो आणि पाणी १० लिटर या प्रमाणात बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप करून ती कापांवर लावतात. नव्या धुमाऱ्यांपैकी जोमदार तेवढे राखतात. या काळात खोडकिड्यावर, म्हणजे भिरुडावर, बारीक नजर ठेवावी लागते. खोडाच्या छिद्रातून पडणारा भुसा ही त्याची खूण.

पाण्याची जुनी व्यवस्था शक्यतो मोडू नये. न्हाणीघराचे पाणी अळू, केळी आणि कर्दळीकडे वळवणारी चर निरुपयोगी वाटून बुजवली जाते आणि पुढे पावसाळ्यात तेच पाणी चौथऱ्याशी साचते. आंगणात फरशी घालताना झाडाच्या बुंध्याभोवती मातीचा भराव किंवा सिमेंट घालू नये, कारण अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या थरातच असतात. जास्वंद, अनंत, मोगरा यांची चिंता फारशी नाही. छाटणीने ती पुन्हा फुटतात.

ग्रामीण भागात आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांसारखी अनुसूचित झाडे तोडण्यास राज्याच्या १९६४ च्या कायद्यानुसार, तर नागरी भागात १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. नागरी कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. म्हणून गवंडी किंवा तोडकरी बोलावण्याआधी परवानगीचा अर्ज करणे सोयीचे.