सोलापूरच्या रुळांवरची ‘अल्को’

सोलापूरजवळ बाळे किंवा टिकेकरवाडीच्या बाजूला रुळांलगत उभे राहून मालगाड्या टिपणाऱ्या हौशी मंडळींना सर्वाधिक ओढ असते ती जुन्या ‘अल्को’ (अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी) बनावटीच्या डिझेल इंजिनांची. ही इंजिने येथे इतकी वर्षे का दिसत राहिली, याचे उत्तर इंजिनापेक्षा मार्गाच्या इतिहासात अधिक आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला गेली. मुंबईहून निघालेली विजेची तार मात्र १९३० च्या सुमारास पुण्यापर्यंत आली आणि तेथेच थांबली, कारण विजेची खरी निकड बोरघाट चढण्यासाठी होती. पुण्याच्या पूर्वेला पुढची अनेक दशके आधी वाफेने आणि मग डिझेलनेच गाड्या ओढल्या.

ते डिझेल प्रामुख्याने डब्ल्यूडीएम-२ या इंजिनाच्या रूपाने आले. सोळा सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे आणि प्रवासी व माल या दोन्ही कामांसाठी आखलेले हे इंजिन १९६२ मध्ये अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीकडून आयात झाले आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले. मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, तरी वाराणसीत तिचे इंजिन त्यानंतरही तीन दशकांच्या आसपास घडत राहिले. परक्या आराखड्याला आपल्या कामगारांनी दिलेले हे दीर्घायुष्य अभिमानाने सांगण्यासारखे आहे.

या इंजिनाचा काळा धूर हा त्याचा बिघाड नव्हे. चालकाने नॉच (इंजिनाची शक्ती ठरवणाऱ्या दांड्याचा टप्पा) वाढवला की सिलिंडरमध्ये जादा इंधन लगेच जाते, परंतु टर्बोचार्जरला (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरणाऱ्या यंत्रणेला) वेग घेऊन पुरेशी हवा पुरवण्यास काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात अर्धवट जळालेले इंधन धुराच्या लोटाने बाहेर पडते. सोलापूर विभागात हे दृश्य वारंवार दिसे, कारण मार्गाचा मोठा भाग एकेरी होता आणि कर्नाटकातील वाडी जंक्शनकडचे सिमेंट किंवा पाकणीच्या डेपोचे तेल वाहणाऱ्या मालगाडीला एक्स्प्रेससाठी लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातील बाजूच्या रुळावर, थांबून, सगळे वजन पुन्हा जागेवरून हलवावे लागे. पाहणाऱ्याला हवा असलेला आवाज आणि धूर त्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच मिळत असे.

२०२२ पर्यंत दौंड ते वाडी दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होत गेले, थांबे घटले आणि मालगाड्या विद्युत इंजिनांकडे गेल्या. त्यामुळे आता एखादे अल्को आलेच, तर छायाचित्र घेण्याआधी त्याच्या केबिनवरचा क्रमांक आणि शेडचे, म्हणजे इंजिनाच्या देखभाल केंद्राचे, नाव वाचले जाते: पुणे, गुत्ती की गुंतकल.